मिश्रीही तंबाखूच

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी कधी तंबाखू खाल्ली नाही, असं सगळं घर छातीठोकपणे सांगायचं. त्या फक्त मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. सकाळी, दुपारी भांडी उरकल्यावर आणि रात्री निजताना बोट हिरडीवर फिरायचं. दाढ दुखायची म्हणून लहानपणी माहेरीच कुणीतरी लावून दिली होती.

गालाच्या आत पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, तिखट मात्र झोंबायचं. म्हणून त्या स्वतःपुरती भाजी आधी काढून घ्यायच्या आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं, त्या ‘नाही’ म्हणाल्या. मलम मिळालं, महिने गेले. मानेत गाठ लागली तेव्हा मोठ्या रुग्णालयात गेलो. जबड्याचा एक भाग काढावा लागला, मग लाइट (कर्करोगावरचे किरणोपचार) घ्यावी लागली. लाळ आटली. भाकरीवर वाढलेली बाई नाकातल्या नळीतून पेज घेत होती.

तेव्हापासून बचत गटात, लग्नकार्यात, जिथे चार बायका भेटतील तिथे मी विचारते, ‘मिश्री लावता का?’ दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण लक्ष ठेवणार? पोरीबाळींच्या हाती डबी आपणच देतो. गरोदर सुनेलाही कुणी अडवत नाही, खरं तर त्याने बाळाचं वजन कमी भरतं.

‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ असं बहुतेकजणी सांगतात. ते खरं आहे, कारण निकोटीन आतड्याला चालना देतं आणि शरीर त्यावरच विसंबतं. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं, डोकं ठणकतं, चिडचिड होते. पहिला आठवडा सगळ्यांत अवघड. त्या दिवसांत सकाळी कोमट पाणी प्यावं, पालेभाजी वाढवावी, डबी घरातून काढूनच टाकावी. शेजारणीने बरोबर सोडली तर फार बळ येतं. तलफ आली की बडीशेप चघळा, सुपारी नको. नुसती सुपारीही कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं आहे. एकटीला जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून बघा. गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, हिरड्या. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, आपलीच तीन बोटं उभी आत न जाण्याइतकं आखडलेलं तोंड, यांतलं काही दिसलं तर दंतवैद्याकडे जा आणि मिश्रीचं आपणहून सांगा. तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, या भीतीने आमच्या घरीही काही आठवडे वाया गेले. तुकडा काढल्याने तो पसरत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर त्याच आठवड्यात काढून घ्या.