मॅनिफोल्ड बदलण्याआधी पाइप तपासून घ्या

हरसूलहून नाशिकला निघालेली गाडी वाघेरा घाटात ओढत नाही, उभी असताना आरपीएमचा काटा वरखाली नाचतो, बॉनेटखाली हवा फुसफुसते. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला हवा पोहोचवणारा भाग, गळत असल्याची ही लक्षणे. पेट्रोल गाडीत बाहेरची जादा हवा आत ओढली जाते. टर्बो डिझेलमध्ये दाबाची हवा बाहेर निसटते, पिकअप जातो आणि काळा धूर येतो.

ब्रेकचे पेडल अचानक कडक लागत असेल, तर मात्र गाडी घाटात नेऊच नका. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेक बूस्टरला व्हॅक्युम मॅनिफोल्डमधूनच मिळतो. बूस्टरकडे जाणारा पाइप फुटला की ब्रेकला खूप जास्त जोर लावावा लागतो. अशा वेळी मेकॅनिकलाच गाडीपाशी बोलवा.

कुणी पाहताक्षणी ‘मॅनिफोल्ड गेला’ म्हणाले, तर होकार देऊ नका. पुष्कळदा रबरी पाइप तडकलेला असतो किंवा क्लिप सैल असते. हे काम गावातच शंभर ते चारशे रुपयांत होते. तिथे दोष नसेल तर नाशिकला स्कॅनर आणि धुराची चाचणी करून घ्या. दोन्हींचे मिळून साधारण हजार ते दोन हजार धरा. स्कॅनरच्या आकड्यांवरच विसंबू नका. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाड्यांत गळती असूनही फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनाच्या मात्रेतली दुरुस्ती, फारसा हलत नाही, नुसते आयडलिंग वाढते. चाचणीत आत सोडलेला धूर मात्र गळतीची नेमकी जागा दाखवतो. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू देऊ नका, भडका उडू शकतो.

मॅनिफोल्डचे गॅस्केट गेले असेल तर लहान पेट्रोल गाडीला मजुरीसह साधारण दीड ते साडेतीन हजार लागतात. जुने गॅस्केट पुन्हा बसवू देऊ नका, सिलिकॉनचा लेपही नको. बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड जास्त आवळला की तडकतो. मग नवा घ्यावा लागतो आणि बिल सहा-सात हजारांपासून पुढे जाते. डिझेलला त्याहून जास्त.

पार्टच्या पाकिटावरील एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, त्यावर वेगळा कर देऊ नका. मजुरीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर बिलावर गॅरेजचा जीएसटी क्रमांक पाहा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही. जुना पार्ट मागून घ्या. बिल नाकारले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.