शेवटचा चिमटा कुठे लावायचा?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या बीड जिल्ह्यातलाच आहे.

दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघतात. मागच्या वर्षी सुट्टीत मी मामाच्या गावी होते. पहाटेची वेळ, ट्रॉलीत संसार भरलेला, लेकरं गोधडीत गुंडाळलेली, मुकादमाची घाई, आणि ट्रॅक्टर नुसता "कट् कट्" करतोय. बॅटरी उतरलेली! ट्रॉली भरलेली असल्यामुळे धक्का मारायचीही सोय नव्हती. शेवटी शेजारचा ट्रॅक्टर आणि केबल आणल्या. मामा ऐटीत म्हणाला, "आमची इंजिनिअर हाय की, ती लावंल."

मी प्लसला प्लस जोडलं, चांगल्या बॅटरीच्या मायनसला काळा चिमटा लावला आणि उरलेला चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला लावायला वाकले. तेवढ्यात म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांनी माझा हात धरला. "बॅटरीवर नगं, ताई. इंजनाच्या लोखंडाला लाव."

काकांचा उजवा डोळा पांढरा पडलेला आहे. तो कशाने गेला, ते मला त्या दिवशी कळलं. असंच वाकून चिमटा लावताना बॅटरी फुटली होती.

काकांनी "काय करायचं" ते सांगितलं. "का" ते मी हॉस्टेलवर येऊन पुस्तकात शोधलं. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. सर्किट पूर्ण होतं ते शेवटच्या जोडणीला, म्हणून ठिणगीही तिथेच उडते. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू द्यायची नाही, एवढंच! निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे इंजिनच्या लोखंडाला चिमटा लावूनही करंट पोचतोच.

आता क्रमाने पाहू :

१. विडी-सिगारेट बंद, डोळ्यांना गॉगल. दोन्ही गाड्या न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला, एकमेकींना न टेकता. दिवे, टेप, सगळं बंद.

२. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर तिथेच थांबा.

३. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं हवं. ट्रॅक्टर, जीप १२ व्होल्टची. बहुतेक मोठ्या ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट. ट्रकवाला भला माणूस असला तरी नम्रपणे नाही म्हणा.

४. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगलीच्या प्लसला. काळा चांगलीच्या मायनसला. शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला; बॅटरी, पंखा आणि डिझेलच्या पाइपपासून लांब.

५. चांगली गाडी काही मिनिटं चालू ठेवा. मग बंद गाडीला स्टार्टर द्या, एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही.

६. इंजिन चालू झालं की चिमटे उलट क्रमाने काढा.

आता हाच अभ्यास जरा वेगळ्या पेपरला. आमची सहल तारकर्लीला गेली तेव्हा किनाऱ्यावर एक वॉटर स्कूटर, म्हणजे आपली जेट स्की, बॅटरी उतरून पडली होती. मी लगेच लोखंड शोधायला लागले, तर बॉडी फायबरची! तिला चिमटा लावून उपयोग शून्य, अर्थ मिळतो तो फक्त इंजिन ब्लॉकवर. शिवाय इथे पेट्रोल असतं. हायड्रोजन हलका, तो वर निघून जातो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बंद पोटात तळाशी साचते. म्हणून आधी स्कूटर किनाऱ्यावर घ्यायची, सीट काढून चांगली हवा खेळू द्यायची, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर चिमट्याला हातही लावायचा नाही. बॅटरीही छोटी, साधारण १८ ते ३० अँपिअर-अवरची, म्हणून मदतीच्या गाडीचं इंजिन बंदच ठेवायचं. काही कंपन्या तर बॅटरी आत बसवलेली असताना जंप देऊच नका असं सांगतात. तेव्हा आधी माहितीपुस्तक बघा. इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं, त्यामुळे वाळूवर ते काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. खरं म्हणजे बॅटरी बाहेर काढून चार्ज करणं हाच सगळ्यात बरा उपाय. जंप ही अडचणीची सोय आहे.

आणि एवढं करूनही ॲसिड डोळ्यात गेलंच, तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने किमान १५-२० मिनिटं डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा. काकांना त्या दिवशी पाणी मिळालं नव्हतं. रस्त्यावर बॅटरी उतरली होती आणि कॅन रिकामा होता.

त्या पहाटे ट्रॅक्टर दुसऱ्या झटक्यात चालू झाला. लेकरांनी ट्रॉलीतून टाटा केला. वर्कशॉपमध्ये "गॉगल कशाला, सर?" म्हणणाऱ्यांत मीही होते. आता नाही.