आजीची गोळी, नातवाचे सिरप : औषधे देताना घ्यावयाची काळजी

आपल्या खोपट परिसरातील चाळींत, तसेच कळवा, कल्याण, डोंबिवलीच्या लहान घरांत औषधांसाठी वेगळे कपाट क्वचितच असते. आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि नातवाचे तापाचे सिरप एकाच फळीवर असते. औषधाच्या चुकीचा फटका घरातील याच दोघांना सर्वांत लवकर बसतो. मुलाचे वजन कमी, त्यामुळे थोडा जादा डोसही त्याला भारी पडतो. मधुमेही व्यक्तीची साखर जेवण, गोळी व इन्सुलिन यांच्या मेळावर अवलंबून असते. म्हणून औषध देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हे कोणाचे? किती? केव्हा?

मुलांच्या बाबतीत

१) मुलाचा डोस वजनावरून ठरतो. तापासाठी पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम देतात व दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर ठेवतात. नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० ते १२५ मिलिग्रॅम औषध असते, काहींत २५० असते. थेंबांच्या बाटलीत मात्र १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असू शकते. १० किलो वजनाच्या मुलास सिरप समजून ५ मिली थेंब पाजले, तर ५०० मिलिग्रॅम औषध पोटात जाते. ही मात्रा कमाल डोसाच्या तिपटीहून अधिक आहे. असे वारंवार घडल्यास यकृतास गंभीर इजा होते. म्हणून लेबल वाचावे व बाटलीसोबतच्या मापानेच औषध द्यावे. घरातला चमचा वापरू नये.

२) खोकल्याचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेच विष २०२५ साली छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमधून मुलांच्या पोटात गेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, काहींना उपचारासाठी नागपूरला आणावे लागले आणि २० हून अधिक मुले दगावली. हे विष वासावरून किंवा चवीवरून घरी ओळखता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने सूचना दिली की, २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत व ५ वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. औषध परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्यावे. सिरप दिल्यानंतर मुलास उलट्या होऊ लागल्या किंवा लघवी कमी झाली, तर बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मधुमेहींच्या बाबतीत

१) इन्सुलिन व सिरिंज यांची जोडी जुळली पाहिजे. आपल्याकडे १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट अशा दोन्ही शक्तींचे इन्सुलिन मिळते. ४० साठी लाल टोपीची व १०० साठी केशरी टोपीची सिरिंज असते. १०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णास २० ऐवजी ५० युनिट मिळतात. हे प्राणावर बेतू शकते. उलट गफलतीत २० ऐवजी केवळ ८ युनिट मिळतात व साखर वाढत राहते.

२) गोळी घेऊन जेवण चुकवू नये. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतात. पौर्णिमेला उपोसथ पाळून दुपारनंतर भोजन न घेणाऱ्या मधुमेही उपासक-उपासिकांनी त्या दिवसाच्या डोसाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. मात्र गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये.

३) घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असेल तर ३ लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एकाच फळीचा धोका

वर सांगितलेल्या प्रकारची मधुमेहाची एक गोळीही लहान मुलाने गिळली, तर त्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. परिणाम कित्येक तासांनीही दिसतो. त्यामुळे मूल खेळत आहे म्हणून घरी थांबू नये. गोळीचे पाकीट घेऊन रुग्णालयात जावे व डॉक्टर म्हणतील तितका वेळ मुलास देखरेखीखाली ठेवावे. गोळ्या उशाखाली, पदराच्या गाठीत किंवा खाऊच्या डब्यात ठेवू नयेत. झाकणाच्या डब्यात घालून उंचावर, शक्य तर कुलपात ठेवाव्यात. मुलाला औषध देताना त्यास "गोळी म्हणजे खाऊ" असे सांगू नये.

विद्यार्थी मित्रांनो, औषधांची लेबले बहुधा इंग्रजीत असतात आणि आजीला ती वाचता येत नाहीत. तुम्हाला येतात. आज घरी गेल्यावर फळीवरील प्रत्येक औषध हातात घ्या. मुदत संपलेली औषधे बाजूला काढा. उरलेल्यांची यादी मराठीत ठळक अक्षरांत लिहा : कोणाचे, किती, केव्हा, जेवणापूर्वी की नंतर. तो कागद भिंतीवर लावा आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्या. घरात शिकलेले एक माणूस असण्याचा उपयोग आजी व नातू या दोघांनाही झाला पाहिजे.