घाटातली सायकल आणि घरची गाडी

वाई,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. भाचेराव यांस,

तुझा बेत आधी ताईकडून फोनवर कळला, मग तू पाठवलेला नकाशाही पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस पाचगणी. ताई, भाऊजी, आजी-आजोबा आणि धाकटी गाडीतून, तू आणि तुझे तिघे मित्र सायकलींवर. तुमच्या बॅगा, पाण्याचे कॅन, सुट्या ट्यूबा सगळं ताईच्या गाडीत आणि ती गाडी तुमच्या मागोमाग घाट चढणार. ‘मामा, काही बदल सुचव’ असं तू लिहिलं आहेस म्हणून सुचवतो. हे शेवटचं कलम आधी खोडून टाक.

पसरणी घाट हा वाईतून पाचगणीला नेणारा बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता. वाई सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जवळपास, म्हणजे साडेपाचशे-सहाशे मीटरचा चढ. जाड टायरच्या सायकलीवर, थांबत-गप्पा मारत, तुम्हाला तो दीड-दोन तास घेणार. गाडी तो अर्ध्या तासाच्या आत चढते. आता ती गाडी तुमच्या वेगाने पहिल्या गिअरमध्ये, क्लच जाळत दोन तास चालली तर काय होईल याचं चित्र डोळ्यांसमोर आण. आजीला गाडी लागते हे तुला ठाऊक आहे. भाऊजींच्या मागे मुंबईच्या गाड्यांची रांग लागणार, हॉर्न सुरू होणार आणि कोणीतरी वैतागून आंधळ्या वळणावर तुम्हा सगळ्यांना मागे टाकायला जाणार, त्याच वेळी वरून एसटी येणार. तुमचं रक्षण करायला ठेवलेली गाडीच घाटातला सगळ्यात मोठा अडथळा होईल.

खरी गोष्ट अशी की तू दोन सहली एकात कालवतो आहेस. मित्रांबरोबरची एक आणि घरच्यांबरोबरची दुसरी. दोन्ही कर, एकाच गावी कर, पण प्रत्येकीला तिची वेळ दे. नाहीतर मित्रांना वाटेल आपल्याला सारखं थांबावं लागतंय, घरच्यांना वाटेल आपण हमाल म्हणून आलोय आणि तू दोघांची समजूत काढत तीन दिवस घालवशील.

म्हणून माझं म्हणणं असं. पुण्याहून सायकली टेम्पोत टाकून तुम्ही चौघं आदल्या दिवशी माझ्याकडे या. हायवेने सायकल मारत यायचं नाव काढू नकोस. पुण्याकडून येताना वाटेत खंबाटकीचा घाट येतो, आणि त्या चढावर मालट्रकांच्या सोबतीने धूर खाण्यात कसलं आलंय गिर्यारोहण? रस्त्याच्या सायकलीवाले भोर-मांढरदेवीकडून वाईत उतरतात. तो रस्ता सुंदर आहे, पण तुमच्या सायकली खडकासाठी घेतलेल्या, त्यांच्यावर शंभर किलोमीटर डांबर तुडवलंत तर दुसऱ्या दिवशी डोंगरात जायला पाय उरायचे नाहीत. रात्री माझ्याकडे जेवा, लवकर झोपा, पहाटे सहाला निघा. दिवाळीत घाटात सकाळी धुकं आणि दव असतं, रस्ता ओला असतो. चढताना त्याचा त्रास नाही, उलट गारवा मिळतो. टायरमध्ये डांबरापुरती हवा जास्त ठेवा, पुढचा सस्पेन्शन लॉक करा. कठड्यावर माकडं बसलेली असतील, त्यांच्यासमोर खाऊची पिशवी उघडू नका आणि त्यांना खायलाही घालू नका. लोकांनी घालून घालूनच ती गाड्यांवर उड्या मारायला शिकली आहेत. ताईची गाडी पुण्याहून सावकाश निघू दे. तुम्ही वर पोचून, आंघोळी करून, पोहे खाऊन बसाल तोवर ती येईल. आजीला तू स्वच्छ कपड्यात, दारात उभा दिसशील. एवढ्याने तिची निम्मी सहल झाली.

पाचगणी कशासाठी वसली हे तुला कोणी सांगितलं आहे का, ठाऊक नाही. महाबळेश्वर जेमतेम वीस किलोमीटर पुढे, पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पावसाळ्यात इंग्रजांना तिथे राहवेना. पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो आणि आमच्या वाईत त्याहून कमी. बाराही महिने राहता येईल अशी जागा म्हणून 1860च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जमीन वसवायला घेतली. रस्त्याकडेचे उंच सिल्व्हर ओक त्याच्याच हौसेचे. पुढे इथे निवासी शाळा आल्या, 1912 साली डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढलं. 1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी इथेच येऊन राहिले होते. म्हणजे हे गाव मुळात राहायचं, बरं व्हायचं, शिकायचं. हातात यादी घेऊन दिवसाला आठ पॉइंट उरकायची पद्धत नंतरची आहे आणि ती मला कधीच आवडली नाही. दिवाळीत महाबळेश्वरच्या रस्त्यावर गाड्या मुंगीसारख्या सरकतात. आजोबांचे गुडघे त्या गाडीत आखडून ठेवू नकोस.

तेव्हा सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ तुझा आणि मित्रांचा. परतीचा दिवस सोडला तर त्यानंतर सायकलींना कुलूप. ‘अजून एक चक्कर मारून येतो’ हे वाक्य दुपारी ऐकू आलं नाही पाहिजे. एक दुपार सगळ्यांना घेऊन भिलारला जा. 2017च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत, देवळांत पुस्तकं मांडली आहेत, हवं ते काढावं आणि तिथेच बसून वाचावं. आजोबांना तिथे सोडलंस तर संध्याकाळी ओढून आणावं लागेल. पारसी पॉइंट रस्त्यालगतच आहे, पायऱ्या चढायच्या नाहीत. आजीला तिथून खाली धोम धरणाचं पाणी आणि पलीकडे कमळगड दाखव. धाकटीला मात्र ताज्या स्ट्रॉबेरीचं वचन देऊन ठेवू नकोस. रोपं पावसाळा सरता सरता लागतात, भर हंगाम डिसेंबरनंतर. दिवाळीत क्रीमच्या पेल्यात जे लाल दिसतं ते बहुतेक शीतगृहातलं. शेतात तिला नुकती धरलेली रोपं आणि मल्चिंगचा कागद पाहायला मिळेल, तेही काही वाईट नाही. फक्त तुम्ही चौघांनी ‘शॉर्टकट’ म्हणून त्या वाफ्यांच्या कडेने सायकली घालू नका. त्या कागदाखाली ठिबकच्या नळ्या असतात आणि शेतकऱ्याचे पैसे त्यात अडकलेले असतात.

आता पाचगणीच्या टेबललँडबद्दल. तुझ्या नकाशावर तिथे लाल रेघ पाहिली आणि तेव्हाच ठरवलं की यावर सविस्तर लिहायचं.

आम्ही अशा पठाराला सडा म्हणतो. जांभ्या दगडाची सपाट टोपी, तिच्यावर कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. पावसात तिथल्या उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि त्या पाण्यात, त्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं अशी लहानशी झाडं उगवतात. त्यातली सीतेची आसवं तर कीटकभक्षी. मातीत खायला काही नाही म्हणून ती मातीतले-पाण्यातले बारीक जीव पकडतात. दोन-तीन महिन्यांत त्यांचा सगळा संसार आटोपतो. तुम्ही याल तेव्हा सडा तपकिरी, कोरडा, रिकामा दिसेल आणि तुझ्यासारख्या मुलाला वाटेल, इथे आहेच काय मोडायला? पण पुढच्या वर्षीचं सगळं बी तेव्हा त्या बोटभर मातीत पडलेलं असतं. ती माती एकदा चाकाने उकरली की पहिल्या वळवाने वाहून जाते आणि खाली राहतो तो उघडा जांभा. चाकोरी पडली की खळग्यातलं पाणी तिच्यातून निघून जातं, मग पाण्यात उगवणारं तिथे काय उगवणार? तुमच्या टायरच्या दातांनी हे काम फार छान होतं.

‘तिथे घोडे फिरतात, मग आमच्या चार सायकलींनी काय बिघडणार?’ हा तुझा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतोय. घोड्यांनी सडा झिजवला आहे हे खरं. पण घोडेवाल्याचं घर त्यावर चालतं, तो प्रश्न त्याच्याशी आणि गावाशी बोलून सोडवावा लागेल. तुझं घर सड्यावरच्या सायकलीवर चालत नाही. शिवाय तुम्ही चौघंच येणार असता तर वेगळं. तुमचा व्हिडिओ पाहून पुढच्या रविवारी चाळीस जण येतील. शेजारच्या कास पठाराचं काय झालं ते बघ. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याचं नाव जागतिक वारसा यादीत आलं, गर्दी लोटली आणि शेवटी दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे. कागदावर संरक्षण पुष्कळ आहे, पण सड्यावर कोण कुठून चाललंय ते पाहायला कागद येत नाही. टेबललँडवर जा, पण पायी, आजोबांचा हात धरून, मळलेल्या वाटेवरून.

मग सायकल कुठे चालवायची? खिंगरवरून राजपुरीकडे जा. गावरस्ते आहेत, चढउतार आहे, राजपुरीला कार्तिकस्वामींच्या गुहा आहेत. खरी मजा मात्र खाली, आमच्याकडे. परतीच्या दिवशी घाट उतरून मेणवली गाठा. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट तिथे आहे. त्या घाटावरची मोठी घंटा 1739च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली, पोर्तुगिजांची. ‘स्वदेस’ सिनेमातलं गाव तेच, एवढं सांगितलंस तर मित्र तरी उत्साहाने येतील. तिथून धोमला, कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहून, जलाशयाच्या कडेकडेने जेवढं जमेल तेवढं आत जा. बैलगाडीच्या वाटा, मुरूम, ओढे, चिखल, तुम्हाला हवं ते सगळं तिथे आहे. वाट शेतातून जात असेल तर आधी विचारा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, वर चहा पाजतात.

राहिला घाटाचा उतार. चढताना माणूस दमतो म्हणून सावध असतो, उतरताना त्याला आपण शूर आहोत असं वाटू लागतं. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातल्या काही पोरांनी जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावल्या. माउंटन बायकिंगचा उगम तिथलाच मानतात. पायडल उलटं दाबून लागणारे त्यांचे ब्रेक एका उतारात इतके तापायचे की मागच्या हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावं लागायचं. तुमचे डिस्क ब्रेक त्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत, पण तापायचा गुण गेलेला नाही. बारा किलोमीटर ब्रेक दाबून धरलेत तर खालच्या वळणांवर तो हाताला मऊ लागेल आणि नेमका तेव्हाच हवा असेल. वळणाआधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा आणि वळणात सोडा. मध्ये दोनदा थांबा. तापलेल्या डिस्कला बोट लावू नका आणि बाटलीतलं पाणीही ओतू नका, ती वाकडी होते. ज्याच्या सायकलीला रिमवर लागणारे ब्रेक आहेत त्याने सगळ्यात जास्त थांबावं, कारण त्याची रिम तापून ट्यूब फुटू शकते. अरुंद जागी वर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, नियमही तोच आहे. म्हणून तुम्ही थांबायचं. दव वाळल्यावर, नऊनंतर निघा आणि अंधारात तर मुळीच नको, दिवाळीत सहालाच दिवस मावळतो. चौघांत जो सगळ्यात कच्चा आहे त्याला मधे ठेवा, शेवटी नाही. शेवटच्याला कोणी वळून पाहत नाही.

हेल्मेट घालायला सांगत नाही, ते तू घालतोसच. मित्रांपैकी एक घालत नाही असं ताई म्हणाली. त्याला सांग, मामांकडे जेवायला हेल्मेटशिवाय ताट मिळत नाही.

धाकटीची छोटी सायकलही टेम्पोत टाक. धोमला रस्ता सपाट आहे, तिला तासभर तुमच्यात घ्या. त्या तासात तुम्हाला हळू जावं लागेल. जा.

तिघांच्या घरचे फोन नंबर मला आधी पाठव. आणि तुझ्या सायकलीचा मागचा ब्रेक दुरुस्त झाला का, ते शुक्रवारपर्यंत कळव. नसेल तर इथे ओळखीचा मिस्त्री आहे, पण लक्ष्मीपूजनाला तो दुकान उघडत नाही, तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी सायकल माझ्याकडे पोचली पाहिजे. आजी-आजोबांना साष्टांग नमस्कार, ताईला आशीर्वाद मागितले आहेत म्हणून सांग.

तुझा,
मामा