एरंडेल : बाटलीतून कारखान्याकडे

एरंडेल म्हटले की नाक दाबून गिळलेला चमचा आठवतो. 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणून आपण त्या झाडाची थट्टाही करतो. परंतु खनिज तेलावाचून रसायने कशी बनवावीत, या प्रश्नाचे एक जुने व सिद्ध झालेले उत्तर याच झाडाच्या बियांत आहे.

एरंडेलाचे वैशिष्ट्य कशात आहे? त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के भाग एकट्या रिसिनोलेइक आम्लाचा असतो. या आम्लाच्या रेणूत १८ कार्बन अणूंची साखळी असते. नवव्या व दहाव्या अणूंमध्ये द्विबंध असतो आणि बाराव्या अणूला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असतो. या रचनेमुळे ती साखळी ठराविक ठिकाणी तोडता येते.

तेल तीव्र अल्कलीबरोबर सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर तापविले की १८ चे १० आणि ८ असे दोन भाग होतात. दहा कार्बनचे सेबॅसिक आम्ल नायलॉन ६,१० व वंगणे यांसाठी वापरतात. आठ कार्बनचा भाग म्हणजे २-ऑक्टेनॉल हे अल्कोहोल. याउलट, तेलापासून मिथिल एस्टर करून त्याची वाफ ५०० अंशांच्या आसपास तापविली, तर ११ आणि ७ अशी फोड होते. अकरा कार्बनच्या भागापासून नायलॉन ११ तयार होते. फ्रान्समध्ये १९४०च्या दशकात विकसित झालेल्या या नायलॉनच्या नळ्या मोटारींच्या इंधनवाहिन्यांत वापरतात. सात कार्बनचे हेप्टॅनल सुगंधी द्रव्यांच्या कामी येते. दोन्ही रीतींत उरलेला तुकडाही वाया जात नाही, हे ध्यानात घ्यावे.

मात्र 'वनस्पतिजन्य' म्हणजे आपोआप 'निर्दोष' असे नव्हे. सेबॅसिक आम्लाच्या प्रचलित पद्धतीत फिनॉल किंवा क्रेसॉल वापरतात. ते सांडपाण्यात गेल्यास प्रदूषण होते. बियांच्या पेंडीत रिसिन हे जहाल विष असते, म्हणून प्रक्रियेवाचून ती गुरांना घालता येत नाही. शिवाय एरंडी अन्नधान्य नसली, तरी तिलाही जमीन व पाणी लागतेच.

एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा. तरीही तेलाचा मोठा भाग तेल म्हणूनच परदेशी जातो. साखळी तोडण्याची विद्या जेथे वापरली जाते, तेथेच मोलाची वाढ होते. शेत आपले असताना ती विद्याही, आणि तिचे सांडपाणी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही, आपण उचलली पाहिजे.