‘स्नॅच’ या इंग्रजी क्रियापदाविषयीं

इंग्रजी वाचूं लागलेल्या कांहीं उपदेशक बंधूंस ‘स्नॅच’ हें क्रियापद अगदीं सोपें वाटतें. ‘हिसकावणें’ असा अर्थ एकदां पाठ केला म्हणजे झालें, अशी त्यांची समजूत असते. परंतु पुढें दिलेलीं वाक्यें पाहावीं. घार कोंबडीच्या पिलावर झडप घालते. चोर गळ्यांतील माळ हिसकावतो. सावकार शेत बळकावतो. कोणी दुष्ट मनुष्य मूल पळवून नेतो. मृत्यु घरांतील कर्ता पुरुष हिरावून नेतो. आणि जळत्या घरांतून शेजारी दुसऱ्याच्या लेंकरास ओढून काढतो. मराठींत ह्या सहा क्रियांस सहा निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजींत त्यांपैकीं पांच ठिकाणीं ‘स्नॅच’ चालूं शकतें. सावकाराचें तेवढें वगळावें, कारण त्याचें काम सावकाश होतें, आणि ह्या क्रियापदाचा प्राण त्वरेंत आहे. ज्याची वस्तु गेली त्यास हात आंवळून धरण्यास अवधि मिळत नाहीं, हा त्यांतला मुख्य भाव होय. घेणारा चांगला कीं वाईट हें शब्दावरून ठरत नाहीं. तें वाक्यावरून ठरवावें लागतें.

इंग्रज ग्रंथकारांनीं ह्या त्वरेचा नानाप्रकारें उपयोग केला आहे. अलेक्झांडर पोप यानें 1711 सालीं टीकाशास्त्रावर एक पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. नियमांच्या पलीकडचें सौंदर्य थोर कवि कधीं कधीं एकदम हस्तगत करितो, हें सांगतांना त्यानें हेंच क्रियापद योजिलें. येथें चोरी नाहीं, धाडस आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत ओफीलिया पाण्यांत बुडतांना जुन्या गाण्यांचे तुकडे गात होती असें राणी सांगते. त्या तुकड्यांस तेथें ह्याच धातूपासून झालेलें नाम वापरलें आहे. जें घाईनें हातीं लागतें तें अपुरेंच असावयाचें, म्हणून तुकडा असा अर्थ आला. घाईंत घेतलेल्या डुलकीसही इंग्रज हाच शब्द लावितात.

आतां शास्त्राकडे वळूं, कारण आमच्या वाचकांस ह्या शब्दाचें काम तेथेंच अधिक पडतें. 1611 सालच्या इंग्रजी भाषांतरांत ‘स्नॅच’ हें क्रियापद एकदांच येतें, तें यशयाच्या नवव्या अध्यायाच्या विसाव्या वचनांत. भावाभावांच्या वैरानें आणि उपासमारीनें वेडावलेला मनुष्य उजवीकडे झडप घालतो तरी भुकेलाच राहतो, असा तेथील प्रसंग आहे. नव्या करारांत हा शब्द त्या भाषांतरकारांनीं घेतलाच नाहीं. मूळ ग्रीक भाषेंत मात्र ‘हार्पाझो’ हें झडप घालण्याचें क्रियापद अनेक ठिकाणीं आहे. ग्रीक पुराणांतील ज्या पक्षिणी अन्न पळवून नेत, त्यांचें ‘हार्पी’ हें नांवही ह्याच्याच गोत्रांतलें आहे.

1611 च्या विद्वानांनीं आपल्या प्रस्तावनेंत स्पष्ट लिहिलें होतें कीं, मुळांतील एका शब्दास सर्वत्र एकच इंग्रजी शब्द ठेवण्याचें बंधन आपण मानीत नाहीं. भाषेचें वैभव त्यामुळें वाढलें यांत संशय नाहीं. पण योहानाचा दहावा अध्याय उघडून पाहावा. बाराव्या वचनांत लांडगा मेंढरांस धरतो तेथें त्यांनीं ‘कॅच’ घातलें. अठ्ठाविसाव्यांत मेंढरें मेंढपाळाच्या हातांतून कोणी काढून नेणार नाहीं असें म्हटलें आहे, तेथें ‘प्लक्’ घातलें. ‘प्लक्’ म्हणजे फूल किंवा फळ तोडणें, पीस उपटणें. मुळांत दोन्ही ठिकाणीं एकच क्रियापद आहे. मजुरीचा गडी पळाला म्हणजे लांडगा जें करूं शकतो, तेंच करणें ह्या दुसऱ्या हातापुढें कोणासही शक्य नाहीं, असा सरळ सामना येशूच्या बोलण्यांत आहे. आणि केवळ 1611 चें इंग्रजी वाचणाऱ्यास तो दिसतच नाहीं. हा तोटा लहान नव्हे.

शिवाय ‘कॅच’ हा शब्द आतां मवाळ झाला आहे. त्याचें आणि पाठलाग करणें ह्या अर्थाच्या ‘चेस’ शब्दाचें मूळ एकच असून, पूर्वीं त्यांत शिकारीचा वास होता. आजच्या शाळकरी मुलास तो क्रिकेटच्या चेंडूमुळें ठाऊक असतो. त्यास लांडगा मेंढरूं झेलतो आहे असें वाटलें तर दोष कोणाचा?

1881 सालीं नव्या कराराचें सुधारलेलें इंग्रजी भाषांतर निघालें. त्यांत योहानाच्या ह्या दोन्ही वचनांत ‘स्नॅच’ आलें. पेरणाऱ्याच्या दाखल्यांत दुष्ट येऊन हृदयांत पेरलेलें नेतो तेथेंही तेंच, आणि यहूदाच्या पत्रांत कित्येकांस अग्नींतून ओढून काढण्याविषयीं लिहिलें आहे तेथेंही तेंच. परंतु आत्म्यानें फिलिप्पास नेलें, पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला, अशा स्थळीं सुधारणा करणाऱ्यांनीं जुनें ‘कॅच’च राहूं दिलें, जरी मुळांत शब्द तोच आहे. देवाच्या कृतीस लांडग्याचा शब्द लावण्यास त्यांचें मन धजलें नसावें. आमच्या मतें ग्रीक लेखक त्यांहून धीट होते. लॅटिन भाषांतरानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत ‘रापेरे’ हें बळानें नेण्याचेंच क्रियापद योजिलें. त्याच धातूपासून इंग्रजींत परमानंद ह्या अर्थाचा ‘रॅप्चर’ आणि शिकारी पक्ष्याचा ‘रॅप्टर’ असे दोन्ही शब्द निघाले.

अग्नींतून ओढून काढण्याची ती प्रतिमा जुन्या करारांत आमोस व जखऱ्या यांच्या ग्रंथांतही आहे. तेथें 1611 च्या भाषांतरांत ‘प्लक्’ आहे. इंग्लंडांतील एपवर्थ गांवीं 1709 सालीं पाळकाचें घर पेटलें. पांच वर्षांचा जॉन वेस्ली माडीवर अडकला होता. शिडी आणण्यास वेळ नव्हता, म्हणून एक मनुष्य दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला व त्यानें खिडकींतून मुलास ओढून घेतलें. लागलीच छप्पर कोसळलें. पुढें 1753 सालीं आपला अंत जवळ आला असें समजून वेस्लीनें स्वतःच्या थडग्यावरचा लेख लिहून ठेविला, आणि त्यांत आगींतून ओढून काढलेलें कोलीत असें आपणांस म्हटलें, तें ‘प्लक्’ हाच शब्द घालून. त्यानंतर तो सदतीस वर्षें जगला.