आधी झाड ओळख, मग खुड

पोरी, रानभाजी शिकायची तर एका पावसाळ्यात एकच धर. कोंब वर येताना बघ, फुलावर आल्यावर बघ, शेंग वाळली की पुन्हा त्याच जागी जाऊन बघ. मोबाइलमधल्या फोटोत पान दिसतं, पण चुरगळलं की त्याला वास कसला येतो ते कळत नाही.

सुरुवात टाकळ्यापासून कर. आपल्या रायगड-ठाण्याकडे पाऊस लागला की तो परसातही उगवतो. एका देठावर पानांच्या तीन जोड्या आणि टोकं गोलसर, हे नीट बघून घे. चार-पाच जोड्या नि टोकं निमुळती असतील तर तो कासविंदा. फुलं दोघांचीही पिवळीच, तेव्हा फुलावरून ठरवू नकोस. उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत, म्हणून एवढं बजावते. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. लसूण-मिरचीची फोडणी आणि वर ओलं खोबरं, एवढं त्याला पुरे.

शेवळं मात्र घाईने करायची भाजी नाही. ठाकर-कातकरी बाया बाजारात शेवळांशेजारी काकडं, म्हणजे काकडाची आंबट फळं, मांडतात, ते उगाच नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, ते घशाला खाजवतात. काकडांच्या आंबट रसाने ती खाज मोडते. काकडं मिळाली नाहीत तर चिंच घाल, पण आंबटाशिवाय शेवळं चुलीवर चढवायची नाहीत. हाताला तेल लाव, वरचं आवरण सोल, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाक, बारीक चीर आणि तेलावर भरपूर परत. पुढे वाल घाल नाहीतर सोडे, तुझी आवड. रानात स्वतः काढशील तेव्हा वरचा कोंब तेवढा घे. कंद जमिनीत राहिला तरच पुढच्या वर्षी तिथे शेवळं येतील, आणि ज्या बाईचं पावसाळ्यातलं पोट त्यावर आहे तिलाही मिळतील.

भारंगीचा पाला कडू. उकडून, पिळून, मग वालाबरोबर शिजव.

औषधाच्या बाबतीत मी फार जपून बोलते. खरचटलं तर दगडी पाल्याचा रस, गुडघा धरला तर निर्गुडीच्या पाल्याचा शेक. हे अंगाबाहेरचं, बिनधास्त कर. पोटात घ्यायचा काढा मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय नको. गुळवेलसुद्धा रोज उठून प्यायची नसते, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही आहेत.

हल्ली बांधावर तणनाशक मारतात. पाला कडेने करपलेला दिसला तर त्या बांधाला हात लावू नकोस. रस्त्याकडेचाही नको.

आणि कुणाला खाल्ल्यावर उलट्या झाल्या किंवा जीभ सुजली, तर घरगुती उपाय करत बसू नकोस. उरलेली भाजी आणि कच्चं पान, दोन्ही बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठ.